‘मला तंत्रज्ञान कळत नाही’ म्हणून गप्प बसू नका

पत्र:

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून उपमहाव्यवस्थापक म्हणून निवृत्त झाले. यजमानांच्या मित्राच्या मुलाने पुण्यात एक कंपनी काढली आहे. नागरी सहकारी बँका आणि पतसंस्थांसाठी ती सॉफ्टवेअर बनवते. कंपनी आता पब्लिक लिमिटेड झाली आहे आणि पुढे शेअर बाजारात उतरायचं चाललं आहे. ‘काकू, तुम्ही आमच्या बोर्डावर याच,’ असा त्याने आग्रह धरला. मी स्वतंत्र संचालकांची, म्हणजे मालकीत किंवा व्यवस्थापनात नसलेल्या संचालकांची, परीक्षा दिली, पास झाले, गेल्या वर्षी बोर्डावर आले. ऑडिट कमिटीचं अध्यक्षपदही माझ्याकडेच आहे. पण मीटिंगमध्ये सगळे क्लाउड, एआय, एपीआय असं बोलतात आणि मी नुसती मान डोलावते. पावणेदोनशे पानांचे कागद आदल्या रात्री मेलवर येतात. आता पुढच्या मीटिंगमध्ये एक छोटी एआय कंपनी विकत घेण्याचा प्रस्ताव आहे. ती संस्थापकाच्या मेहुण्याची आहे. किंमत मला फार वाटते, पण त्यातलं मला काय कळतं? यजमान म्हणतात, राजीनामा देऊन मोकळी हो. मुलगी म्हणते, सही कर, तुझं काय जातं? मी काय करू?

— एक वाचक, नाशिक

उत्तर:

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी एक सांगते. ‘त्यातलं मला काय कळतं’ हे तुमच्या पत्रातलं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. मेहुण्याच्या कंपनीपेक्षाही जास्त. कारण बोर्डावर बसलेली शहाणी, अनुभवी माणसं याच एका वाक्यापायी गप्प राहतात, आणि ती गप्प राहिली की कंपनीत कोणी विचारणारं उरत नाही.

तुम्ही तंत्रज्ञान कंपनीच्या बोर्डावर आहात, प्रोग्रामरच्या खुर्चीवर नाही. कोड कसा लिहायचा, सर्व्हर कुठला घ्यायचा हे बोर्डाने ठरवायचं नसतं. कंपनी कोणी चालवायची, मोठा पैसा कुठे लावायचा, कुठली जोखीम पत्करायची आणि हिशेब खरे आहेत ना, हे बोर्डाने बघायचं. या चारही गोष्टी तुम्ही जन्मभर केल्या आहेत. कर्जाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी कारखानदाराला जे विचारत होतात, तेच इथे विचारायचं आहे.

सत्यमची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, पण ती बँकवालीच्या नजरेने पुन्हा बघा. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर सर्व्हिसेसच्या बोर्डासमोर प्रस्ताव आला की मेटास प्रॉपर्टीज पूर्ण आणि मेटास इन्फ्राचा ५१ टक्के हिस्सा विकत घ्यायचा, एकूण १६० कोटी डॉलरला. सॉफ्टवेअरची कंपनी जमीन आणि बांधकामाच्या धंद्यात पैसे घालणार होती, आणि त्या दोन्ही कंपन्यांत अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या घरच्यांचे हितसंबंध होते. बोर्डावर कोण होतं? हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, इंटेलच्या पेंटियम चिपसाठी ओळखले जाणारे विनोद धाम, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे डीन राममोहन राव, देशाचे माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद. यांच्यापेक्षा जास्त शिकलेली माणसं कुठून आणायची? त्या दिवशी प्रश्न निघाले, शंकाही निघाल्या. आणि तरी ठराव एकमताने मंजूर झाला. न्यूयॉर्कच्या बाजारात सत्यमचा शेअर अर्ध्याहून जास्त कोसळला, तेव्हा काही तासांत तो प्रस्ताव मागे घ्यावा लागला. जे बोर्डाला थांबवता आलं नाही ते भागधारकांनी थांबवलं.

तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ला, राजूंचं कबुलीपत्र आलं. बँकेत ५,३६१ कोटी आहेत असं पुस्तकं सांगत होती, त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. आणि मेटासची खरेदी? त्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवायचा तो शेवटचा प्रयत्न होता, असं त्यांनीच लिहिलं.

आता सांगा, यात तंत्रज्ञान कुठे आहे? घोटाळा एफडीत होता. ऑडिटरांनी कंपनीने दिलेली पत्रं ग्राह्य धरली. बँकांना थेट लिहून शिल्लक पडताळण्याचं काम नीट झालंच नाही. बॅलन्स कन्फर्मेशन, म्हणजे ही शिल्लक पडताळणी, तुमच्या शाखेतला नवा क्लार्कही पहिल्या वर्षात शिकला असेल. ऑडिट कमिटीच्या अध्यक्ष म्हणून ऑडिटरला तुम्ही फक्त इतकंच विचारा: ‘एफडीची पत्रं तुम्ही बँकेकडून थेट मागवलीत, की कंपनीच्या अकाउंट्समधून घेतलीत?’ हा प्रश्न विचारायला क्लाउड कळावा लागत नाही.

आणि त्याच गोष्टीचा दुसरा भाग, जो लोक विसरतात. सरकारने सत्यमचं बोर्ड बरखास्त करून नवं नेमलं. त्यात एचडीएफसीचे दीपक पारेख, कायद्याचे जाणकार सी. अच्युतन, चार्टर्ड अकाउंटंट टी. एन. मनोहरन, एलआयसीचे एस. बी. मैनक अशी माणसं होती. सॉफ्टवेअर उद्योग आतून ओळखणारे म्हणावेत तर नॅसकॉम या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक. या मंडळींनी आधी पगाराच्या पैशांची सोय केली, मोठे ग्राहक धरून ठेवले, आणि एप्रिल २००९मध्ये बोली लावून कंपनी आपल्या पुण्याच्याच टेक महिंद्राकडे सोपवली. सुमारे ५० हजार लोकांच्या नोकऱ्यांचा प्रश्न होता. एक बँकर, एक वकील, एक सीए मिळून तंत्रज्ञान कंपनी वाचवू शकतात, हे आपल्याकडे घडून गेलेलं आहे. म्हणून म्हणते, स्वतःला कमी लेखू नका.

आता मेहुण्याच्या कंपनीकडे येते. मी तुमच्या संस्थापकावर कुठलाही आरोप करत नाही. मुलगा प्रामाणिक असेल, ती कंपनी खरंच चांगली असेल. पण ते तपासूनच ठरायला हवं, आणि तपास करून घेणं हे तुमचं काम आहे.

एक बारकावा लक्षात ठेवा, कारण तो तुमच्यापुढे नक्की ठेवला जाईल. कंपनी कायद्यात ‘नातेवाईक’ कोण याची यादी ठरलेली आहे: पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण, शिवाय एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. बायकोचा भाऊ त्या यादीत नाही. त्यामुळे कंपनी सेक्रेटरी म्हणू शकेल की हा रिलेटेड पार्टी व्यवहार, म्हणजे संचालकाशी संबंधित माणसाशी किंवा कंपनीशी केलेला व्यवहार, नाहीच. पण संस्थापकाच्या पत्नीचा त्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये एक जरी शेअर असला, किंवा ती तिथे संचालक असली, तर व्यवहार थेट रिलेटेड पार्टीच्या कलमात येतो. म्हणून पहिली मागणी ही करा: त्या कंपनीच्या भागधारकांची आणि संचालकांची आजची पूर्ण यादी, आणि गेल्या काही वर्षांत शेअर कोणाकडून कोणाकडे गेले त्याचा तपशील. मार्चमध्ये पत्नीच्या नावावर असलेले शेअर जूनमध्ये भावाच्या नावावर दिसले, तर तिथेच थांबा आणि कारण विचारा. आणि यादीत काहीच निघालं नाही, तरीही हा व्यवहार जवळच्या माणसाशी आहे हे मिनिट्समध्ये, म्हणजे मीटिंगच्या इतिवृत्तात, स्वच्छ लिहिलं जाऊ द्या. उद्या शेअर बाजारात जायचं आहे. तिथे गुंतवणूकदार यादी बघत नाहीत, नातं बघतात.

दुसरी गोष्ट किमतीची. ‘किंमत मला फार वाटते’ असं लिहिलंत. का वाटते? ते कागदावर उतरवा. त्या कंपनीची गेल्या वर्षीची विक्री किती, त्यातली खुद्द तुमच्याच कंपनीला किती, ग्राहक किती, माणसं किती? खरेदीनंतर मेहुणा सहा महिन्यांत निघून गेला तर हातात काय उरतं? तो जे एआय मॉडेल म्हणतो ते त्यांनी स्वतः बनवलेलं आहे, की बाहेरच्या मोठ्या कंपनीचं महिन्याच्या भाड्याने घेतलं आहे? हा शेवटचा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण आहे मालकीचा. तारण म्हणून दाखवलेली जमीन कर्जदाराच्याच नावावर आहे ना, हे तुम्ही सातबारा मागून बघत होतात, तसंच हे.

उत्तरं समजली नाहीत तर बाहेरचा जाणकार नेमा. स्वतंत्र संचालकाला गरजेप्रमाणे कंपनीच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाचा सल्ला घेता येतो. कंपनी कायदा २०१३च्या चौथ्या परिशिष्टातच ते लिहिलेलं आहे. व्हॅल्युएशन (किमतीचं मूल्यांकन) करणारा आणि तंत्रज्ञान तपासणारा माणूस ऑडिट कमिटीने निवडावा, संस्थापकाने सुचवलेला नको. इतकं साधं पथ्य पाळलं जात नाही म्हणून मोठमोठ्या कंपन्यांचं हसं झालं आहे. एचपीने २०११मध्ये ऑटोनॉमी ही ब्रिटिश सॉफ्टवेअर कंपनी सुमारे ११०० कोटी डॉलरला घेतली. एचपीच्या वित्तप्रमुख कॅथी लेसजॅक यांचा त्या किमतीला विरोध होता, पण बोर्ड सीईओच्या बाजूने गेलं. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यातले ८८० कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले. त्या बोर्डावर तंत्रज्ञान कळणाऱ्यांची कमी नव्हती. बाई आकडे दाखवून नको म्हणत होत्या, ते ऐकायला हवं होतं.

पावणेदोनशे पानं आदल्या रात्री पाठवणं हे मात्र मी अजिबात चालवून घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. बोर्ड मीटिंगची नोटीस किमान सात दिवस आधी यायला हवी, आणि सेक्रेटरियल स्टँडर्डप्रमाणे (कंपनीच्या मीटिंगा कशा घ्यायच्या याच्या ठरलेल्या नियमांप्रमाणे) अजेंडा आणि त्यावरच्या नोट्सही. अगदी तातडीचं काम असेल तर कमी मुदतीत मीटिंग घेता येते, पण त्यासाठी किमान एक स्वतंत्र संचालक हजर हवा. म्हणजे तुमची हजेरी ही त्यांची गरज आहे. तुम्ही कंपनी सेक्रेटरीला आजच मेल टाका की खरेदीचे कागद सात दिवस आधी मिळाले नाहीत तर मी हा विषय पुढच्या मीटिंगला घ्या असं सुचवीन. फोनवर सांगू नका. मेलच करा.

मुलीला सांगा, सहीने बरंच काही जातं. स्वतंत्र संचालकाची जबाबदारी मर्यादित आहे हे खरं. कलम १४९(१२) म्हणतं की जे तुमच्या माहितीत, बोर्डाच्या प्रक्रियेतून, तुमच्या संमतीने किंवा संगनमताने झालं, किंवा जिथे तुम्ही पुरेशी दक्षता घेतली नाही, तेवढ्यापुरतेच तुम्ही जबाबदार. पण शेवटचा तुकडा पुन्हा वाचा. मान डोलावून गप्प बसणं म्हणजे दक्षता नाही. शंका मनात होती, घरी यजमानांना बोलून दाखवली होती, हा बचाव कुठे चालत नाही.

आता यजमानांचं म्हणणं. राजीनामा द्यावा का? माझं मत, आत्ता नाही. अजून तुम्ही काही विचारलेलंच नाही. न विचारता निघून गेलात तर तुमच्या जागी आणखी कोणी ओळखीचं येईल आणि ते मान डोलावेल. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीच्या बोर्डावरचे गुंतवणूकदारांचे तीन प्रतिनिधी जून २०२३मध्ये बाहेर पडले, त्याच सुमारास ऑडिटर डेलॉइटही गेले. मार्च २०२२ला संपलेल्या वर्षाचे हिशेब तेव्हाही पूर्ण झालेले नव्हते. आपला सल्ला व्यवस्थापन वारंवार डावलत होतं, असं त्यातल्या प्रोसस या गुंतवणूकदाराने नंतर जाहीरपणे सांगितलं. सांगितलं हे चांगलंच केलं, पण तोवर वरातीमागून घोडं झालं होतं. हिशेब पहिल्यांदा लांबले तेव्हाच जाहीर आवाज उठला असता, तर पालकांचे आणि शिक्षकांचे हाल कदाचित कमी झाले असते. मला ही गोष्ट फार लागते, कारण अशा कंपन्या कोसळतात तेव्हा बोर्डावरचे लोक दुसऱ्या बोर्डावर जातात, आणि मागे पगार थकलेली मुलं राहतात.

उलट टोकालाही जाऊ नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयच्या बोर्डाने १७ नोव्हेंबर २०२३ला सॅम ऑल्टमन यांना सीईओ पदावरून काढलं. ते बोर्डाशी पुरेसे मोकळेपणाने वागत नव्हते, एवढंच कारण दिलं. नेमकं काय झालं ते ना कर्मचाऱ्यांना सांगितलं ना सगळ्यात मोठ्या भागीदाराला, मायक्रोसॉफ्टला, आधी विश्वासात घेतलं. सुमारे ७७० कर्मचाऱ्यांपैकी ७००हून जास्त जणांनी निघून जाण्याचा इशारा देणाऱ्या पत्रावर सह्या केल्या, आणि पाच दिवसांत ऑल्टमन परत आले, बोर्डातलेच बहुतेक जण गेले. त्यांच्या मनातली शंका खरी असेलही. पण कारणं मांडली नाहीत, पाठबळ उभं केलं नाही, त्यामुळे अधिकार असूनही तो वापरता आला नाही. म्हणून मीटिंगमध्ये अचानक बॉम्ब टाकू नका. आधी दुसऱ्या स्वतंत्र संचालकाशी बोला. स्वतंत्र संचालकांची व्यवस्थापनाशिवाय वर्षातून किमान एक बैठक व्हायलाच हवी, असं कायदाच सांगतो. ती अजून झाली नसेल तर खरेदीच्या मीटिंगच्या आधी बोलवा. मग त्या मुलाला भेटा. तो काकू म्हणतो ना, मग काकूच्या नात्याने घरी चहाला बोलवा आणि सांगा की बाबा रे, हे प्रश्न मी विचारणार आहे, उत्तरं तयार ठेव. भीड ही भिकेची बहीण, हे त्याच्या आईवडिलांनाही पटेल. चांगला संस्थापक असेल तर त्याला हायसं वाटेल. चिडला, तर तेही तुम्हाला मीटिंगआधीच कळेल.

गुंतवणूकदारांचे प्रतिनिधी बोर्डावर असतील तर त्यांच्या भरवशावर राहू नका. त्यांना शेअर बाजारात उतरून आपला पैसा मोकळा करायची घाई असू शकते. त्यात गैर काही नाही, पण त्यांची नजर आणि तुमची नजर वेगळी आहे.

खरेदीचा विषय सोडला तरी तुमच्या कंपनीच्या धंद्यात एक मोठी जोखीम आहे, आणि ती तुमच्याइतकी त्या टेबलावर कोणालाच कळणार नाही. तुमचे ग्राहक लहान बँका आणि पतसंस्था आहेत. ११ ऑगस्ट २०१८ला, शनिवारी, पुण्याच्या कॉसमॉस बँकेत काय झालं ते आठवा. कार्डांच्या व्यवहारांना मंजुरी देणारी खोटी यंत्रणा मध्ये घुसवून काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले, सोमवारी आणखी रक्कम हाँगकाँगला पाठवली गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. आणि जुलै २०२४च्या शेवटी लहान बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा (डेटा अडकवून खंडणी मागण्याचा) हल्ला झाला तेव्हा देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने तिला पेमेंट यंत्रणेपासून तोडलं, आणि सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. सी-एज टीसीएस आणि स्टेट बँकेची भागीदारी आहे. इतक्या मोठ्या घरच्या कंपनीवर ही पाळी येते, तर तुमच्या कंपनीवर का येणार नाही?

म्हणून विचारा: बॅकअप रोज घेतो असं म्हणता, पण तो परत चालू करून शेवटचा कधी पाहिला, आणि किती तास लागले? शनिवारी रात्री हल्ला झाला तर फोन कोण उचलतो? सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा यंत्रणेला सहा तासांत कळवायचं असतं, ते कळवणार कोण, त्याचं नाव काय? ग्राहक बँकेला कोण सांगणार, आणि करारात नुकसानभरपाई किती लिहिली आहे? वैयक्तिक डेटाच्या २०२३च्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, कंपनीची एकूण नेटवर्थ तरी तेवढी आहे का? उत्तर देणारा माणूस ‘आमचं सगळं सुरक्षित आहे’ एवढंच म्हणाला, तर समजा की त्याने कधी चाचणी घेतलेली नाही. ज्याने घेतली आहे तो तारीख सांगतो आणि काय बिघडलं तेही सांगतो.

हिशेबात दोन जागा आवर्जून बघा. डेव्हलपरचे पगार खर्चात न टाकता ‘इन्टँजिबल ॲसेट्स अंडर डेव्हलपमेंट’ (तयार होत असलेली अमूर्त मालमत्ता) म्हणून ताळेबंदात किती नेले आहेत? तो आकडा दरवर्षी फुगत असेल तर नफाही तितकाच फुगलेला असू शकतो. आणि तीन-पाच वर्षांच्या देखभाल कराराचं उत्पन्न पहिल्याच वर्षी दाखवलं जातं का? जोडीला येणी किती दिवसांची थकलेली आहेत ते वयोमानाप्रमाणे मांडून मागा. पतसंस्था सहा महिने पैसे देत नसेल, तर ती विक्री खरी होती का, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

एआय, एपीआय वगैरे शब्दांसाठी कंपनीच्या तंत्रप्रमुखाकडे दोन तास मागा. मीटिंगमध्ये नाही, ऑफिसात जाऊन. ‘एका पतसंस्थेतला कॅशियर पाचशे रुपयांची पावती करतो, तिथपासून ती रक्कम कुठे कुठे जाते ते मला स्क्रीनवर दाखवा,’ असं म्हणा. अशी विचारणा झाली की चांगल्या इंजिनिअरला आनंदच होतो. तंत्रज्ञान समजून घेण्याची याहून चांगली वाट मला माहीत नाही. सिटिंग फीमध्ये, म्हणजे मीटिंगला बसण्याच्या मानधनात, हे दोन तास धरलेले नाहीत, पण ते द्या.

मीटिंगच्या दिवशी उत्तरं समाधानकारक मिळाली तर मोकळ्या मनाने ठरावाला पाठिंबा द्या. नाही मिळाली तर विरोधात मत द्या आणि ‘माझी हरकत कारणांसह मिनिट्समध्ये नोंदवा’ असं सगळ्यांसमोर म्हणा. तो तुमचा अधिकार आहे. मिनिट्सचा मसुदा पंधरा दिवसांत तुमच्याकडे यायला हवा, आणि आल्यावर दुरुस्ती सुचवायला सात दिवस मिळतात. ते सात दिवस वाया घालवू नका, ओळ न् ओळ वाचा. तुमचं म्हणणं ‘चर्चेनंतर ठराव मंजूर’ एवढ्यात गुंडाळलेलं दिसलं, तर तुमचे शब्द लिहून परत पाठवा. ते घालायला नकार मिळाला, किंवा भागधारकांची यादी द्यायलाच टाळाटाळ झाली, तर मग यजमान म्हणतात ते करा. राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ असं मात्र लिहू नका. खरं कारण लिहा.